नाव न घेता वाढलेलं पान

सर्वपित्री अमावास्या त्या वर्षी नेमकी रविवारी आली, म्हणून श्रीनाथ घरी होता. आणि आठवडाभराच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं होतं, म्हणून अस्मिताचा पाय घरात ठरत नव्हता. इथे परदेशात, लोअर हटमध्ये, सप्टेंबरात वसंत लागतो; असा रविवार कुणी घरात बसून काढत नाही. तेव्हा डोंगर ओलांडून पलीकडे, वायरारापात जायचं ठरलं. एक चीजचं दुकान, एक शेत जिथे कोकरांना बाटलीने दूध पाजता येतं, आणि शेवटी जुन्या वस्तीतली दोनचार घरं जपून ठेवलेलं लहानसं म्युझियम. असा निवांत बेत.

अस्मिताला धाकधूक होती की सासूबाई म्हणतील, श्राद्धाच्या दिवशी कसली सहल. पण सरलाबाई म्हणाल्या, "मीही येते. फक्त कावळ्याचं पान बरोबर घेते."

त्यांनी सकाळीच सोवळ्याने स्वयंपाक केला होता. तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. फ्रीझरमधलं केळीचं पान गॅसवर जरा शेकून मऊ केलं, चपट्या डब्यात घडी करून बसवलं, वर एकेक पदार्थ वेगळा. डबा ओढणीत बांधून मांडीवर घेतला तो गाडीत शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

त्यामागे एक वर्षाची गोष्ट होती.

सरलाबाईंचे यजमान, पुरुषोत्तमराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून दोघं चिंचवडहून आले, आणि पाचव्या महिन्यात, गेल्या ऑगस्टमध्ये, ते इथेच गेले. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं, "तेवढं एक..." म्हणाले, आणि पुढचं तोंडातच राहिलं. ते "तेवढं एक" काय, याचा विचार सरलाबाईंनी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, रात्री कूस बदलताना किती वेळा केला असेल याला मोजदाद नाही.

दहाव्याला पिंडाला शिवायला कावळा हवा. या देशात कावळाच नाही. पुण्याहून सुरेश गुरुजी व्हिडिओवरून सांगत होते, त्यांनी तोड काढली की दर्भाचा कावळा करा आणि शिववा. दर्भही नव्हता. श्रीनाथने लॉनवरचं गवत पिळून एक पक्षी केला. लांबून तो बदकासारखा दिसत होता. त्या बदकाने शिवून टाकलं आणि विधी आटोपला. सरलाबाईंच्या मनात मात्र कुसळ राहिलं. माणसाचं काही राहिलेलं असलं की कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी शब्द द्यायचा असतो, तुमचं राहिलेलं आम्ही करू म्हणून. तो शब्द कुणी दिलाच नव्हता.

आणि शेजारच्या शकुने चार दिवसांपूर्वी कुंपणावरून बातमी दिली होती, की डोंगरापलीकडे शेतात कावळ्यासारखा एक काळा पक्षी आहे म्हणे, रूक म्हणतात, फार थोडे उरलेत, पण आहेत.

शकुचं एक सांगायला हवं. ती बातमी दिल्याशिवाय आणि घेतल्याशिवाय राहात नसे. ही मंडळी राहायला आली त्या दिवशीच ती भरला डबा घेऊन आली होती आणि दीड तास बसली होती. पुरुषोत्तमरावांना परक्या माणसाचा मोठा संकोच. घरात कुणी बाहेरचं बसलेलं असलं की ते आत पाऊल टाकत नसत. चिंचवडला जिन्यात उभे राहायचे, इथे लेटरबॉक्सपाशी. मुलाने घेऊन दिलेले निळे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, त्यांना फार आवडले होते. मोज्यांवर घालायचे आणि फटक फटक करत फाटकापासून दारापर्यंत येरझारा घालायचे. मग दाराशी थांबून हळूच विचारायचे, "गेली का ती?" शकुलाही ते ऐकू जायचं. ती हसून आणखी अर्धा कप चहा मागायची.

ते निळे जँडल्स दाराआतल्या रॅकवर अजून तसेच होते. सरलाबाईंनी कुणाला हलवू दिले नव्हते.

रेमुटाकाच्या घाटात धुकं लागलं. वळणामागून वळण, आणि काचेबाहेर नुसता कापूस. उतरताना मात्र एकदम हिरवं मैदान उघडलं. कोकरं, विलोची कोवळी पालवी, तारांवर बसलेले पक्षी. सरलाबाई प्रत्येक तार निरखत होत्या. एका खांबावर मॅगपाय होते.

"आई, हे चालतील का?" अस्मिताने विचारलं.

"अर्धं अंग पांढरं आहे गं त्यांचं. अर्धंमुर्धं नको."

चीज झालं, कोकरं झाली. म्युझियमशी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. गावाच्या टोकाला, मोठ्या मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या सावलीत चार लाकडी घरं आणि एक पत्र्याची लोकरशाळा. बाहेर फारसं कुणी नव्हतंच. दाराशी मार्जरी नावाच्या सत्तरी उलटलेल्या बाई विणत बसल्या होत्या. इथल्या रीतीने स्वागताचं "किया ओरा" म्हणाल्या, सरलाबाईंच्या बिनकुंकवाच्या कपाळाकडे नाही, पण हातातल्या गाठोड्याकडे बघून प्रेमाने हसल्या. लोकरशाळेत मेंढी कातरून दाखवणार होते, तिकडे लवकर जा म्हणाल्या.

श्रीनाथ म्हणाला, "आई, वीस मिनिटं. तू सावलीत बस. आलो की पान मांडू, पाणी मी सोडतो. नाव-गोत्र माझ्याकडे लिहून आहे."

नाव-गोत्राचं गुरुजींनी बजावून सांगितलं होतं. आधी नाव, मग गोत्र, मग पाणी. पुरुषोत्तमराव टपालातले, म्हणून गुरुजी त्यांच्याच भाषेत म्हणाले होते, "पत्ता न लिहिलेलं पाकीट ज्याच्या हाती पडेल तो उघडतो."

सरलाबाई शेवटच्या घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. तिथे दगडाची एकच पायरी होती, उन्हात तापलेली. मागचं दार बंद. त्या पायरीवर टेकल्या. लोकरशाळेतून लोकांचं हसणं आलं, मग यंत्राची घरघर सुरू झाली आणि तीही लांब गेल्यासारखी वाटली. झाडांत वारा नव्हता. कुठूनतरी ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि जळत्या कोळशाचा. त्यांनी वर पाहिलं. धुराड्यातून धूर नव्हता.

धुराड्यावर तो बसला होता.

काळा. अंगभर काळा, नखांपर्यंत. चोच तेवढी मुळाशी राखेत बुडवल्यासारखी पांढुरकी. मान तिरकी करून तो डब्याकडे बघत होता, अगदी चिंचवडच्या गच्चीवरचा कावळा बघतो तसा.

 श्रीनाथला हाक मारावी तर हा उडून जाईल. वीस मिनिटं थांबावं तर हा थांबेल कशावरून? सरलाबाईंनी गाठ सोडली, पायरीच्या उजव्या अंगाला पान पसरलं, खीर, वडा, भाजी, चटणी वाढली, बाटलीतलं पाणी पानाभोवती फिरवलं. चार पावलं मागे सरून हात जोडले.

पक्षी हलला नाही.

आता नाव घ्यायचं. सरलाबाईंनी अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, घास भरवताना, उखाण्यात. त्यानंतर कधी नाही. रेशनच्या कचेरीत शेजारणीकडून वदवून घेतलं. हॉस्पिटलात नर्सने विचारलं तेव्हा पासपोर्ट उघडून समोर धरला. आणि आज, कुणी ऐकणारं नसताना, ओठ उघडेनात. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणायचे. गेलेल्या माणसाचं काय कमी होणार? पण जीभ उचलत नाही म्हणजे नाही.

"अहो..." त्या शेवटी हळूच म्हणाल्या. "तुमचं काय राहिलंय मला माहीत नाही. जे असेल ते मी करीन. रोज करायचं असेल तर रोज करीन. शब्द देते तुम्हाला."

घरात खुर्ची सरकली.

लाकडी जमिनीवर लाकडी पाय ओढल्याचा आवाज, एकच, सावकाश. आणि त्याच क्षणी तो पक्षी खाली आला. फडफड नाही, घिरटी नाही. दगड पडावा तसा पानाशी आला. त्याने चोच वड्यात घातली.

सरलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वर्षभराचं कुसळ निघालं. शिवला. त्यांचा कावळा शिवला.

डोळे पुसून पाहिलं तर तो वडा चोचीत धरून पायरी चढत होता. मघाशी बंद असलेलं दार हातभर उघडं होतं. पक्षी उंबऱ्यावर क्षणभर थांबला, आणि घरच्यासारखा आत गेला.

लोकांच्या म्युझियमात पक्षी शिरला, काही फोडलंबिडलं तर श्रीनाथचं नाव जायचं. सरलाबाई लगबगीने मागे गेल्या. आत स्वयंपाकघर होतं. पाहुण्यांनी पलीकडूनच बघावं म्हणून समोरच्या बाजूला दोरी बांधलेली. त्या मागून आल्यामुळे दोरीच्या आत उभ्या होत्या. लोखंडी चूल, वर किटली. दोघांसाठी मांडलेलं टेबल, दोन बशा, दोन कप. कोळशाचा वास इतका दाट की त्यांनी चुलीला हात लावून पाहिला. चूल गार होती.

पक्षी नव्हता. खिडक्या बंद होत्या, धुराड्याचं तोंड पत्रा ठोकून बुजवलेलं होतं, आणि पक्षी कुठेच नव्हता.

दोनांतली एक खुर्ची टेबलापासून पूर्ण बाहेर ओढलेली होती. उभं राहून कुणीतरी पाहुण्याला बस म्हणावं, तशी.

आणि दोन्ही बशांत अर्धा-अर्धा वडा होता.

"माफ करा हं," सरलाबाई मराठीतच म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही. मागे सरताना त्यांना वाटलं, की समोरच्या खुर्चीत बसलेलं कुणीतरी त्या जाताहेत म्हणून उठून उभं राहिलं.

बाहेर येऊन त्या पायरीपासून दूर, उन्हात उभ्या राहिल्या. श्रीनाथ आणि अस्मिता आले. पान पाहून श्रीनाथ हिरमुसला, मी पाणी सोडणार होतो ना म्हणाला; पण शिवला म्हटल्यावर त्याचाही चेहरा मऊ झाला. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सरलाबाईंनी अस्मिताला बाजूला घेतलं आणि सांगितलं, त्या बाईंना विचार, इथे कोण राहायचं?

मार्जरी सगळं सावकाश सांगत गेल्या आणि अस्मिता तुकड्यातुकड्याने मराठीत सांगत गेली. मेंढ्या राखणारा एक माणूस होता. बायको डॉक्टरला दाखवायला डोंगरापलीकडे गेली, चहाच्या वेळेला परत येते म्हणाली, आणि तिकडच्या साथीत गेली. त्याला ते कुणी पटवून देऊ शकलं नाही. पुढे चाळीस वर्षं तो रोज चार वाजता दोन कप मांडायचा, भाकरी अर्धी करायचा आणि समोरच्या खुर्चीकडे बघत बसायचा. गावातलं कुणीही आलं तरी तो म्हणायचा, जरा बसा. लोकांना कामं असायची. कुणी बसलं नाही. खुर्चीतच गेला.

"संध्याकाळी आम्ही ती खुर्ची आत सारतो," मार्जरी म्हणाल्या, "सकाळी ती थोडी बाहेर आलेली असते. बोटभर. जुन्या घराची जमीन तिरकी असते म्हणा." मग त्या उठून आत बघून आल्या, आणि विणकाम हातात घ्यायचं विसरल्या. मागचं दार उघडं कसं, असं त्यांनी विचारलं. ते वीस वर्षांपूर्वी खिळे मारून बंद केलं होतं.

 सरलाबाईंच्या कानात गुरुजींचं पाकीट घुमत होतं.

पावणेचारला ते निघाले. पुढे दोघं, मागे सरलाबाई, शेजारच्या सीटवर रिकामा डबा. रस्त्याला लागताच टिंग टिंग वाजायला लागलं. श्रीनाथने पडद्यावर पाहिलं.

"मागचा बेल्ट. आई, लावलास ना?"

"लावलाय."

"तुझ्या बाजूच्या सीटचा दाखवतोय. डब्याचं वजन धरलं असेल. खाली ठेव."

सरलाबाईंनी डबा पायाशी ठेवला. टिंग टिंग चालूच. सीटवर काही नव्हतं. गादी मात्र मधोमध दबलेली होती, आणि बंद गाडीत ओल्या लोकरीचा वास सुटला होता.

"सेन्सर गेलाय बहुतेक," श्रीनाथ म्हणाला. "सर्व्हिसला टाकतो."

 सरलाबाईंनी हात लांब करून तो दुसरा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खाचेत बसवला. खाच लागायला पट्टा जरा जास्तच ओढावा लागला.

आवाज थांबला. घाटात पुन्हा धुकं आलं. 

दुसऱ्या दिवशी सोमवार. मुलं कामावर. चार वाजता सरलाबाई ओट्याशी चहा टाकत होत्या, तेव्हा मागे खुर्ची सरकली. टेबलाला चार खुर्च्या. पण सरकली ती खिडकीकडची, पुरुषोत्तमरावांची. त्यावर गेलं वर्षभर कुणी बसलेलं नव्हतं.

त्या पळाल्या नाहीत. शब्द दिला होता. त्यांनी दोन कप भरले, खारी बिस्किटं दोन बशांत अर्धी-अर्धी केली आणि समोर बसल्या. अर्धा तास. समोरच्या चहावर साय धरली. काही वाईट झालं नाही. उठताना त्यांना उलट बरं वाटलं, की चला, एका जिवाचं राहिलेलं फिटलं.

पण मंगळवारीही तसंच, बुधवारीही. त्यांनीच म्हटलं होतं, रोज करीन.

गुरुवारी अस्मिताने म्युझियमला फोन केला, सासूबाईंनी चारदा सांगितलं म्हणून. मार्जरी आनंदात होत्या. रविवारपासून ती खुर्ची हललेली नाही, म्हणाल्या. सारली तशीच्या तशी. घर कसं शांत शांत झालंय. या पुन्हा कधीतरी.

त्याच संध्याकाळी अस्मिता दारातून आत येता येता म्हणाली, "आई, बाबांचे जँडल्स तुम्ही बाहेर वाळत घातलेत का? पायपुसण्यावर होते." आणि तिने ते उचलून रॅकवर ठेवले.

सरलाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी ते बाहेर ठेवले नव्हते.

शुक्रवारी चार वाजता त्या चहा घेऊन बसल्या. खिडकीकडची खुर्ची बाहेर आलेली, समोर कप. खोलीत कोळशाचा वास. आणि बाहेर, फाटकाच्या बाजूने, आवाज आला. फटक. फटक. फटक. सिमेंटच्या वाटेवरून दारापर्यंत. दारापाशी थांबला. पुन्हा मागे लेटरबॉक्सपर्यंत गेला. पुन्हा आला. परकं माणूस आत बसलेलं असताना येरझारा घालायच्या तसा.

 सरलाबाईंनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. "आता उठाल का..." त्या म्हणाल्या. "माझं माणूस बाहेर उभं आहे."

खुर्ची करकरली. उठल्यासारखी नाही. बसलेल्या माणसाने नीट रेलून घेतल्यासारखी.

मग सरलाबाईंनी, अडतीस अधिक एक वर्षांनी, दुसऱ्यांदा ते नाव घेतलं. आधी पुटपुटल्या, मग स्पष्ट, मग शेजारी ऐकू जाईल इतकं मोठ्याने. "काश्यप गोत्र, पुरुषोत्तम. आत या ना. तुमचंच घर आहे. पुरुषोत्तम..."

बाहेरचा आवाज दाराशी येऊन थांबला.  मग दाराच्या फटीतून, नेहमीसारखं हळूच, दबल्या आवाजात विचारलं गेलं,

"गेला का तो?"

सरलाबाईंनी धावत जाऊन दार उघडलं. वाटेवर कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे शकु दोरीवरचे कपडे काढता काढता थांबली होती; तिनेही मान वळवून याच दाराकडे पाहिलं होतं, आणि तिच्या हातातली चादर खाली पडली होती.

पायपुसण्यावर निळे जँडल्स होते, जोडीने, टोकं घराकडे केलेले. सरलाबाईंनी खाली बसून ते उचलले. सोमवारपासून ऊन नव्हतं, वारा बोचरा होता.

पट्ट्या अजून कोमट होत्या.